दहा बाय बाराच्या खोलीतली जोखीम : मुंबईच्या एथिक्स कमिट्यांना खुलं पत्र

प्रति,
मुंबईतील रुग्णालयं आणि संशोधन संस्थांच्या एथिक्स कमिट्यांचे अध्यक्ष व सदस्य

स. न. वि. वि.

माणसांवरच्या संशोधनाला मंजुरी देणाऱ्या तुमच्या कमिटीसमोर एचआयव्हीवरच्या संशोधनाचा प्रस्ताव येतो तेव्हा त्यातलं जोखमीचं पान कसं असतं, हे मी तुम्हाला सांगायला नको. मळमळ, अंगावर पुरळ, यकृतावर परिणाम, मूत्रपिंडावर ताण, हाडं ठिसूळ होणं. मग रक्त किती मिलिलिटर काढणार, कितीदा काढणार. आणि सगळ्यात शेवटी, माहिती गोपनीय ठेवली जाईल, तरी काही सामाजिक त्रास होऊ शकतो, अशा अर्थाचं एखादं वाक्य. यकृतावर बैठकीत बराच वेळ बोलणं होतं. हे शेवटचं वाक्य मात्र कुणी वाचून दाखवलेलंही मला आठवत नाही.

मी या शहरात बरीच वर्षं एचआयव्ही समुपदेशक म्हणून काम केलं, त्यातली काही संशोधन प्रकल्पांवर. सहभागी झालेल्यांचं जे नुकसान होताना मी पाहिलं, त्यातलं बहुतेक त्या शेवटच्या वाक्यात बसणारं होतं. म्हणून हे पत्र.

आधी गोळ्यांच्या बाटलीचं सांगते. मुंबईत संशोधनात नाव नोंदवणारी बाई बहुधा दहा बाय बाराच्या खोलीत राहते. खोलीत पाच-सहा माणसं, एक कपाट, कपाटाची किल्ली सासूच्या कमरेला. प्रकल्पाची बाटली मोठी, पांढरी, हलवली की खुळखुळणारी, वर लेबल. ती ठेवायची कुठे? बायका लेबल खरवडून काढतात. गोळ्या मसाल्याच्या रिकाम्या डब्यात जातात, पर्सच्या अस्तरात जातात, कागदाच्या पुडीत बांधून तांदळात जातात. पावसाळ्यात त्या सर्द होतात. आणि प्रकल्पाचा नियम असा की प्रत्येक भेटीला मूळ बाटली उरलेल्या गोळ्यांसकट मोजायला परत आणायची. मग आदल्या दिवशी पुडीतल्या गोळ्या पुन्हा बाटलीत भरल्या जातात, आणि हिशेब जुळावा म्हणून जास्तीच्या मोरीत टाकल्या जातात. मोजणी अगदी बरोबर येते. डॉक्टर खूश.

हे फक्त आपल्याकडचं रडगाणं समजू नका. दक्षिण आफ्रिका, युगांडा आणि झिम्बाब्वेमध्ये पाच हजारांहून जास्त स्त्रियांवर ‘व्हॉइस’ नावाची मोठी चाचणी झाली होती. एचआयव्ही नसलेल्या स्त्रियांनी रोज गोळी किंवा जेल वापरलं तर लागण टळते का, हे पाहायचं होतं. परत आलेल्या बाटल्या आणि बायकांचं सांगणं यावरून वापर उत्तम दिसत होता. २०१३ मध्ये निष्कर्ष जाहीर झाले, रक्त तपासलेलं होतं, आणि औषधाचा अंश तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी नमुन्यांत सापडला. नंतर या बायकांशी सविस्तर बोलल्यावर जी कारणं पुढे आली, त्यात एक ठळक होतं : या गोळ्या आपल्याकडे दिसल्या तर लोक आपल्यालाच एचआयव्ही आहे असं समजतील. म्हणजे खोलीतल्या जोखमीकडे दुर्लक्ष केल्यानं फक्त त्या बाईचं नुकसान होत नाही, विज्ञानाला मिळणारं उत्तरही हातचं जातं. एवढा पैसा, एवढी मेहनत, आणि औषध चालतं की नाही हे कळलंच नाही, कारण ते घेतलंच गेलं नव्हतं.

तुमच्यापुढच्या प्रस्तावात बाटली कशी आहे, हे कधी कुणी विचारलंय का? साधी, लेबल नसलेली, खिशात मावणारी, न वाजणारी डबी दिली तर कुठला शास्त्रीय नियम मोडतो? मोडत असेल तर प्रायोजकानं तुम्हाला तसं समजावून सांगावं. मी विचारलं तेव्हा मिळालेलं उत्तर होतं की छपाई परदेशात झाली आहे.

दुसरं म्हणजे फोन आणि घरभेट. ठरलेल्या तारखेला सहभागी आला नाही की प्रकल्पाला धडकी भरते, कारण गळती वाढली तर निकालाला किंमत राहत नाही. मग फोन सुरू होतात. घरात फोन एक, तो मुलाच्या हातात, मुलगा स्पीकरवर टाकतो. फोन लागला नाही तर माणूस घरी येतो. चाळीत बॅग लटकवलेला अनोळखी माणूस एखाद्या बाईचं नाव घेऊन खोली नंबर विचारतो, तेव्हा तो दारापर्यंत पोचायच्या आत बातमी पोचलेली असते. संमतीपत्रात ‘आम्ही आपल्याशी संपर्क साधू’ एवढंच असतं. कोण येणार, काय कपडे घालून, दारात उभं राहून स्वतःची ओळख काय करून देणार, घरी दुसरंच कुणी भेटलं तर काय बोलणार, आणि मुळात या बाईनं घरी यायला होकार दिला आहे का? हे प्रत्येकीला वेगवेगळं विचारावं लागतं. एकजण सांगेल, बचत गटाच्या नावानं या. दुसरी सांगेल, घरी अजिबात नको, स्टेशनच्या पुलावर भेटते. हे कागदावर यायला पाहिजे आणि तुम्ही ते वाचायला पाहिजे.

लसींच्या चाचण्यांत तर आणखी वेगळीच अडचण आहे, आणि तिच्याबद्दल सुशिक्षित सहभागींनाही धड कल्पना नसते. एचआयव्हीची प्रायोगिक लस घेतलेल्या माणसाच्या शरीरात काही वेळा अशी प्रतिपिंडं (अँटीबॉडी) तयार होतात की नेहमीची तपासणी पॉझिटिव्ह येते. लागण नसते, तरी चाचणी पॉझिटिव्ह. हे काही वर्षंही टिकू शकतं. आता हा माणूस मुंबईचा आहे असं धरा. आखाती देशात नोकरीसाठी मेडिकलला गेला तर तिथे एचआयव्हीची तपासणी ठरलेलीच, पॉझिटिव्ह आली की अनफिट. गणपतीत मंडळाच्या शिबिरात रक्तदान केलं तर रक्तपेढीत तेच. बाई असेल तर गरोदरपणातल्या पहिल्याच तपासणीत तेच. खरी लागण आहे की लसीची खूण, हे वेगळ्या चाचणीनं कळतं, पण ती चाचणी त्या मेडिकल सेंटरच्या काउंटरवर होत नाही. २००५ मध्ये पुण्याच्या ‘नारी’त, म्हणजे राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत, भारतातली पहिली एचआयव्ही लसीची मानवी चाचणी सुरू झाली. तशी एखादी उद्या मुंबईत आली, तर प्रकल्प संपल्यावरही दहा वर्षं कुठल्या नंबरवर फोन करायचा, कोण फुकट चाचणी करून देणार, कोण लेटरहेडवर लिहून देणार, हे ठरल्याशिवाय कृपा करून मंजुरी देऊ नका. ‘प्रकल्पाच्या कालावधीत’ हे शब्द इथे कामाचे नाहीत.

कायद्याला ही जोखीम ठाऊक आहे, हे मला मुद्दाम सांगायचंय. नवीन औषधं आणि क्लिनिकल ट्रायल नियम, २०१९ यांत असुरक्षित गटातल्या सहभागींच्या संमतीचं, नव्या रसायनाची चाचणी असेल तर, व्हिडिओ रेकॉर्डिंग सक्तीचं आहे. पण एचआयव्ही आणि कुष्ठरोगावरच्या औषधांना सूट आहे, तिथे फक्त आवाज नोंदवायचा. चेहरा कॅमेऱ्यात येणं हीच इजा, हे नियम करणाऱ्यांनी ओळखलं. त्याच्याही आधी, १९९७ मध्ये, आपल्याच मुंबई उच्च न्यायालयानं एका हंगामी कामगाराच्या दाव्यावर निकाल दिला, एचआयव्ही निघाल्यावर कामावरून काढल्याबद्दल त्यानं दाद मागितली होती. तो निकाल आजही ‘एमएक्स विरुद्ध झेडवाय’ अशा नावानं वाचला जातो, कारण कोर्टानं त्याला नाव न सांगता लढू दिलं. पुढे २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यात कोर्टात ओळख लपवण्याची तरतूद आली, आणि माहितीपूर्ण संमतीशिवाय तपासणी, उपचार किंवा संशोधन करता येणार नाही हेही आलं. या शहरातल्या न्यायालयाला जे पंचवीसहून जास्त वर्षांपूर्वी उमगलं, ते आमच्या प्रकल्पांच्या जोखमीच्या पानावर अजून एका वाक्यात उरकलं जातं.

गंभीर दुष्परिणाम झाला तर तो २४ तासांत कळवायचा, हा नियम तुमच्या हाताखालून रोज जातो. घरमालकानं खोली खाली करायला लावली, नवऱ्यानं घराबाहेर काढलं, कामाच्या ठिकाणी कुजबुज सुरू झाली, तर ते कुठल्या फॉर्मवर लिहायचं? भरपाईचं सूत्र आहे ते शारीरिक इजा आणि मृत्यू यांच्यासाठी. एचआयव्ही प्रतिबंधाच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचण्यांत सामाजिक हानीची वेगळी नोंद ठेवण्याची पद्धत आहे. तुम्ही ती मुंबईतल्या प्रत्येक अभ्यासाला लावू शकता, त्यासाठी दिल्लीकडे बघायची गरज नाही. प्रकल्पाच्या बजेटमध्ये वकिलाची फी आणि दोन-तीन महिन्यांचं खोलीभाडं अशी एक रक्कम धरायला सांगा. प्रायोजक कुरकुर करतील. करू द्या.

आता दुसऱ्या टोकाची भीती. हे वाचून कुणी म्हणेल, एवढी भानगड असेल तर एचआयव्हीचे अभ्यासच नकोत, निदान वेश्याव्यवसायातल्या बायका, गरोदर बायका, तृतीयपंथी यांना तरी वगळा. नको. असं वगळण्याचं नुकसानही मी पाहिलं आहे.

डोल्युटेग्राविर हे एचआयव्हीचं औषध आज एआरटी (म्हणजे एचआयव्हीवरच्या औषधोपचाराच्या) सेंटरवर सर्रास दिलं जातं. २०१८ मध्ये बोट्स्वानातल्या एका अभ्यासात असं दिसलं की गर्भधारणेच्या वेळी हे औषध घेत असलेल्या काही स्त्रियांच्या बाळांना मज्जारज्जूचे दोष आढळले. संख्या लहान होती, पण घबराट जगभर झाली आणि कित्येक देशांत मूल होण्याच्या वयातल्या बायकांना हे चांगलं औषध द्यायला हात आखडता घेतला गेला. जास्त नोंदी जमल्यावर, वर्ष-दोन वर्षांत, धोका जवळपास इतर औषधांइतकाच असल्याचं दिसलं. एवढा काळ अंधारात का गेला? कारण आधीच्या चाचण्यांत गरोदर बायकांना घेतलंच नव्हतं. त्यांना जपायच्या नावाखाली त्यांच्याबद्दलची माहितीच कुणी गोळा केली नाही.

आणि फायदा होतो तेव्हा केवढा होतो, तेही बघा. एचपीटीएन ०५२ ही चाचणी नऊ देशांत झाली, भारतात पुणे आणि चेन्नईत. एकाला लागण आहे आणि दुसऱ्याला नाही, अशी १,७६३ जोडपी. निम्म्यांना एआरटी लगेच, निम्म्यांना सीडी फोर, म्हणजे रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींचा काउंट, २५० पर्यंत उतरल्यावर. चाचणी चालू असतानाच जागतिक आरोग्य संघटनेनं उपचाराची मर्यादा ३५० वर नेली, आणि थांबवून ठेवलेल्या गटाचं काय करायचं हा प्रश्न टोकदार झाला. २०११ मध्ये, ठरल्याच्या कितीतरी आधी, निकाल जाहीर करावा लागला : लवकर उपचारानं जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटली होती. जोडीदाराकडूनच आल्याचं सिद्ध झालेल्या २८ लागणींपैकी २७ थांबवलेल्या गटातल्या होत्या. हा आकडा सांगताना माझा आवाज अजूनही जरा बदलतो. त्या २७ घरांनी जे सोसलं, त्याच्या आधारावर आज मी कुठल्याही नवऱ्या-बायकोला सांगू शकते की गोळ्या नियमित घेतल्या आणि व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूंचं प्रमाण) दबलेला राहिला, तर तुमच्यामुळे जोडीदाराला लागण होणार नाही, मूल होऊ द्या. २०१७ पासून आपल्याकडे काउंट न बघता सगळ्यांना उपचार मिळतात, त्यामागेही अशाच चाचण्यांचं बळ आहे. २००४ मध्ये जे.जे.मध्ये मोफत एआरटी सुरू झालं तेव्हा काउंट पुरेसा खाली येईपर्यंत थांबा असं सांगावं लागायचं. तेव्हा ते ज्यांनी ऐकून घेतलं, त्यांतले सगळे आज नाहीत.

म्हणून माझं म्हणणं संशोधन अडवा असं नाही. जोखीम बघायची तर ती जिथे आहे तिथे बघा, आणि फायदा कुणाला, कधी मिळणार हे सहभागीला खरं सांगा.

खरं सांगण्यात एक अडचण मोठी आहे. मोबदल्याच्या पैशांवर तुम्ही बराच काथ्याकूट करता : जास्त दिले तर आमिष, कमी दिले तर शोषण. माझा अनुभव असा की दिवसाचा खाडा आणि गाडीभाडं निघालं तर पैशाचा मोह बाजूला पडतो. खरं आमिष रांग नसणं हे आहे. सरकारी ओपीडीत सकाळी नंबर लावून दुपारी दोन मिनिटं डॉक्टर दिसतो, आणि प्रकल्पाच्या खोलीत पंखा असतो, खुर्ची असते, चहा असतो, डॉक्टर नावानं हाक मारतो. लोकांना वाटतं हाच चांगला उपचार. तो उपचार नसून प्रयोग आहे, आपल्या वाट्याला कदाचित औषध नसलेली, फक्त दिसायला तशी गोळी येईल, हे सही करताना ऐकलेलं असतं, पण आठवड्याभरानं विचारलं तर आठवत नाही. ‘डॉक्टर माझं वाईट कशाला करतील?’ या प्रश्नाला मी काय उत्तर देणार? डॉक्टर वाईट करत नसतात, त्यांना उत्तर माहीत नसतं, एवढंच. २००६ मध्ये ‘स्मार्ट’ चाचणी थांबवली गेली, ५,४७२ लोकांची. काउंट चांगला असताना औषधं बंद ठेवायची, असा त्यातल्या एका गटाचा बेत होता. गोळ्यांपासून सुट्टी मिळणार म्हणून लोकांना तो आवडलाही असेल. त्याच गटात आजार आणि मृत्यू जास्त झाले. तेव्हा सहीच्या दिवशी एकदा समजावलं म्हणजे झालं असं मानू नका. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत, प्रकल्पाच्या पगारावर नसलेल्या कुणीतरी सहभागीला विचारावं की तुम्ही कशात आहात, आणि त्यानं काय सांगितलं ते तुमच्यापर्यंत यावं.

चाचणी संपल्यावरचा प्रश्न तर ताजा आहे. लेनाकापाविर, एचआयव्हीची लागण टाळण्यासाठी वर्षातून दोनदा घ्यायचं इंजेक्शन. २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या चाचणीत हे घेणाऱ्या २,१३४ तरुणींपैकी एकीलाही लागण झाली नाही. असा निकाल या क्षेत्रात कुणी पाहिला नव्हता. त्याच वर्षी कंपनीनं १२० देशांसाठी स्वस्त प्रती बनवण्याचे परवाने दिले, काही भारतीय कंपन्यांनाही. पण ब्राझील, अर्जेंटिना, मेक्सिको आणि पेरू, जिथल्या लोकांनी याच औषधाच्या दुसऱ्या चाचणीत स्वतःची शरीरं पुढे केली होती, ते देश त्या यादीत नव्हते. ज्या शहरातल्या सिप्लानं २००१ मध्ये दिवसाला एक डॉलरहून कमी किमतीत तिहेरी औषध देऊ केलं, त्या शहराच्या कमिट्यांनी तरी हा प्रश्न मंजुरीआधी विचारावा : औषध यशस्वी ठरलं तर आमच्या सहभागींना ते किती दिवसांत, कुठल्या खिडकीवर, कुणाच्या खर्चानं मिळेल? लेखी.

आणि शेवटी तुमच्या टेबलाभोवतीच्या खुर्च्या. कंबोडियात २००४ मध्ये वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांवर टेनोफोव्हिर या एचआयव्हीच्या औषधाची प्रतिबंधक चाचणी होणार होती. साइड इफेक्ट झाले किंवा चाचणीत लागण झाली तर पुढे कोण बघणार, असं त्या स्त्रियांच्या संघटनेनं विचारलं, समाधानकारक उत्तर मिळालं नाही, आणि पंतप्रधानांनी चाचणी बंद केली. ते औषध असलेली गोळी प्रतिबंधासाठी वापरून बघण्याचे प्रकल्प पुढे कोलकात्यात आणि म्हैसूरमध्ये झाले, पण ते दुर्बार आणि अशोदया या बायकांच्या स्वतःच्या संघटनांनी चालवले. आधी महिनोन्महिने वस्तीत चर्चा, मग गोळ्या. मुंबईचा इतिहास याहून कडू आहे. १९९० च्या दशकात याच शहरात एचआयव्ही असलेल्या काही जणांना गुरांच्या विषाणूपासून बनवलेली लस परवानगीशिवाय टोचली गेली होती. तेव्हा त्यांच्या बाजूनं प्रश्न विचारायला कुठल्याही कमिटीत कुणी नव्हतं.

औषध नियमांच्या जुन्या शेड्यूल ‘वाय’मध्येच लिहिलेलं होतं की एचआयव्हीसारख्या विषयात त्या रुग्णगटाचा प्रतिनिधी शक्यतो कमिटीवर असावा. तो आणा. बैठक कामाच्या दिवशी सकाळी अकराला ठेवली तर त्याचा खाडा पडतो, तेव्हा वेळ बदला किंवा मानधन द्या. इंग्रजी प्रोटोकॉलचा मराठी-हिंदी सारांश आठवडाभर आधी पाठवा. एकच माणूस आणला तर तो बोलणार नाही, दोघं आणा. आणि सदस्यांची यादी नोंदणीसाठी वरिष्ठ कार्यालयाकडे जाते, फलकावर लागते, वेबसाइटवर चढते. तिथे त्यांच्या नावापुढे एचआयव्हीसह जगणाऱ्यांचे प्रतिनिधी असं छापू नका. ‘सामान्य नागरिक’ एवढं पुरेसं आहे.

आपली,
एक माजी एचआयव्ही समुपदेशक
परळ, मुंबई